ना धड रायफल, ना धड पिस्तूल

मित्रांनो, बंदूक म्हटलं की शहाणी मुलं दोन पावलं मागे सरतात. तुम्हीही सरलात ना? छान. तिथूनच ऐका.

मी एक जुनी कार्बाइन आहे. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, हलकी बंदूक. मला रायफलीसारखा लाकडी दस्ता आहे आणि तो खांद्याला टेकवूनच मला धरतात. पण माझ्या पोटात काडतुसं जातात ती पिस्तुलाची, छोटी, बोटाच्या पेराएवढी. त्यामुळे पुढे लोकांनी माझ्याबद्दल एकच प्रश्न विचारला आणि तोही माझ्या समोर, मला ऐकूच येत नाही अशा थाटात: "ही घेऊन करायचं काय?"

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. खाली नदी वाहत होती. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. तो घासून, तेल चोळून गुळगुळीत करणारी बाई कामाच्या नादात गुणगुणत असे. तिचं नाव मला कधी कळलं नाही, पण तिचा तळहात अजून आठवतो. लहानपणी ज्यांनी आपल्याला माया लावली, त्यांची नावं कुठे लक्षात राहतात? हात राहतात.

तिथून मी व्हर्जिनियात आले, डोंगराच्या कुशीत सफरचंदांची बाग असलेल्या एका माणसाकडे. त्याच्या कमरेला पिस्तूल असे आणि ट्रॅक्टरवर त्याच्या शेजारी मी. एकाच खिशातली काडतुसं आम्हा दोघांना चालत. त्या काळी माझा उपयोग कुणी विचारला नाही. बाग म्हातारी झाली, तसा माणूसही झाला. तो गेल्यावर मी तळघरात पडून राहिले. ओल आली, नळीवर गंज चढला. मग एक दिवस त्याच्या मुलाने मला दुकानात नेऊन दिलं. दुकानदाराने गंज काढला आणि मला एका कोपऱ्यात उभं केलं. माझ्या डावीकडे लांबलचक रायफली, उजवीकडे काचेखाली चकचकीत पिस्तुलं. गिऱ्हाइकं डावीकडे तरी वळत, नाहीतर उजवीकडे. मधल्या मुलीला फोटोत जसं कुणी विचारत नाही, तसं माझं झालं.

दोन हजार तीनच्या वसंतात मात्र दुकानात एक मराठी जोडपं आलं. गुरुनाथकाका आणि कांचनकाकू. काका व्हर्जिनियातच, हर्नडन शहराच्या बाजूला खूप वर्षं डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी दुकानाजवळच्या या खोऱ्यात लहानसं घर घेतलं होतं. इथे शेजारीपाजारी रविवारी नेमबाजीच्या क्लबात जात, म्हणून काकाही जाऊ लागले, आणि काकू तर त्यांच्याआधी गाडीत बसू लागल्या. कारण काकू नागपूरला कॉलेजात असताना एन.सी.सी.त होत्या. पालथं झोपून, श्वास रोखून नेम धरायला त्या तेव्हाच शिकल्या होत्या. लग्न, अमेरिका, नोकरी, मुलं या सगळ्यात तो नेम चाळीस वर्षं तसाच गुंडाळून ठेवला होता. तो आता उलगडला. रविवार म्हणजे काका, काकू, थर्मासमधला चहा आणि डब्यात दडपे पोहे.

मग काकूंच्या मनगटांत संधिवात शिरला. पिस्तुलाचा बार उडाला की मनगटात कळ जाई. मोठी रायफल खांद्याला असा धक्का देई की रात्री कूस बदलता येत नसे. काकू रविवारी क्लबात जात, पण गाडीत बसून लोकर विणत. काकांना ते बघवेना. म्हणून ते दुकानात आले होते.

काकूंनी मला उचललं. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली-वर केली, की माझ्यात पुढचं काडतूस चढतं. ती कडी त्यांनी बोटांनी नाही, अख्ख्या तळहाताने ढकलली.

"अहो, ही दुखत नाही," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या घरी आले.

छोटं काडतूस आणि मोठा दस्ता, म्हणून माझा धक्का अगदी सौम्य असतो. ज्या गोष्टीला लोक हसत, तीच काकूंना हवी होती. लोकर घरी राहू लागली.

पुढच्या वर्षी नवरात्रात देवदत्तकाका आले. ते काकांचे कॉलेजातले मित्र, दूर पार्सिपनी नावाच्या गावी इंजिनिअर होते, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. काकांनी बंदुकांचं लोखंडी कपाट उघडताच त्यांनी मला बाहेर काढलं.

"गुरू, हे काय रे? ना धड रायफल, ना धड पिस्तूल! लांब मारा करावा तर जीव नाही, खिशात घालावी तर मावत नाही. यार, दुकानात देऊन ट्रेड-इन करून टाक, म्हणजे नवीच्या किमतीत सूट मिळेल. एक चांगली डियर रायफल घे, हरणाच्या शिकारीची. तुझ्या कपाटात आहे जागा दुसरी?"

जागा नव्हती. काका विचारात पडले. त्यांना मित्रासमोर कमी पडायला कधी आवडत नसे.

"तसं तुझं बरोबर आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, मला दुकानाचा तो कोपरा आठवला. पण माझं सोडा. मी गेले असते, तर काकू पुन्हा गाडीत बसल्या असत्या.

काकूंनी स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता सांगितलं, "भावजी, बोलून काय होतं? नोव्हेंबरात परत येणार आहात ना? क्लबात नेम लागला की पडणाऱ्या लोखंडी पाट्या आहेत पाच. मी हिने पाचही पाडल्या तर ही राहील. नाही पाडल्या, तर खुशाल न्या."

"वहिनी, शब्द आहे हं!"

"आहे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची, अवजारांची पूजा करतात. काकांचा स्टेथोस्कोप, काकूंचं शिवणाचं मशीन आणि मी, असे आम्ही पाटावर मांडले गेलो. काकांनी मी रिकामी आहे ना, हे दोनदा उघडून पाहिलं. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि माझी आता परीक्षा आहे म्हणून प्रेमाने, वाटीत कोमट केलेलं खोबरेल तेल माझ्या अंगाला चोळलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. पण त्यांनी ते थेंबथेंब माझ्या आतही सोडलं. शिवणाच्या मशीनला जसं सोडतात, तसं. मी इतकी सुगंधी कधीच झाले नव्हते.

नोव्हेंबरातला तो रविवार उजाडला तेव्हा गवतावर पांढरं दव गोठलं होतं. काकूंनी पहिल्या पाटीवर नेम धरला. श्वास रोखला. चाप ओढला.

ठक्.

बार उडालाच नाही. काकूंनी नियमाप्रमाणे माझी नळी पाट्यांकडेच धरून ठेवली आणि थोडा वेळ थांबल्या. मग क्लबाचा माणूस आला, त्याने जोर लावून कडी ओढली आणि ते काडतूस काढलं. काकूंनी दुसरं चढवायला कडी ढकलली, तर ती चिखलातल्या पायासारखी रुतून बसलेली.

"बघा! मी काय म्हणत होतो?" देवदत्तकाका खूश झाले. "वस्तूच टाकाऊ!"

मला सांगावंसं वाटत होतं, पण बंदुकीला बोलता कुठे येतं? बोलल्या त्या काकूच. त्यांनी माझ्या कडीच्या फटीत बोट घातलं, बोट पांढरं झालं, आणि त्यांनी ते नाकाशी नेलं.

"अगं बाई! खोबरेल गोठलंय. न्हाणीघरात बाटली गोठते, ही तर गॅरेजमधल्या कपाटात होती!"

काका बघतच राहिले. "कांचन, तू बंदुकीला खोबरेल लावलंस?"

"मग काय लावायचं? खंडेनवमी होती!"

"वहिनी," देवदत्तकाका हसत हसत बाकावर बसले, "आता हिची वेणी तेवढी घालायची राहिली!"

काकूसुद्धा हसल्या. मला क्लबाच्या गरम खोलीत नेलं. काकांनी ऑपरेशनला उभं राहावं तसा चष्मा सारखा करून माझे भाग सोडवले, खोबरेल पुसून काढलं आणि बंदुकीचं पातळ तेल लावलं. ते काम करत होते, काकू चिंध्या देत होत्या. काकांच्या हातांची एवढी निगा मला त्याआधी मिळाली नव्हती.

मग पुन्हा बाहेर. पहिली पाटी पडली. दुसरी पडली. तिसरी, चौथी. काकूंचे गाल थंडीने लाल झाले होते. पाचवी पाटी सगळ्यांत लांब, जवळच्या पाटीच्या दुप्पट अंतरावर. काकूंनी अचूक नेम धरला. ठण्ण असा आवाज आला. पाटी डुलली, मागे झुकली, आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

नेम काकूंचा बरोबर होता. जोर माझा कमी पडला. देवदत्तकाकांचं म्हणणं खरं होतं, मित्रांनो. लांबवर माझ्यात जीव राहत नाही.

काकूंनी मला उघडून रिकामं केलं आणि मेजावर ठेवलं. "शब्द म्हणजे शब्द," त्या म्हणाल्या. "न्या, भावजी."

देवदत्तकाकांनी हात पुढे केला. पण काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते काकूंच्या मनगटांकडे बघत होते. सकाळपासून काकूंनी ती एकदाही चोळली नव्हती.

"देवदत्त," काका म्हणाले, "हरणासाठी रायफलच हवी, हे कबूल. पण हरीण मारून खाणार कोण? आमच्या घरात अंडं उकडायचं म्हटलं तरी वेगळं पातेलं लागतं."

"मग शब्दाचं काय? काहीतरी जायलाच हवं ना?"

"माझं मोठं पिस्तूल देतो दुकानात. तसंही ते तुला दाखवायलाच घेतलं होतं."

देवदत्तकाकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "वहिनी, डब्यात काय आहे? हरल्याबद्दल मला दुप्पट पोहे पाहिजेत." हरलं कोण होतं, हे त्या दिवशी कुणी नीट ठरवलंच नाही.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. काका मला स्वतः पुसत. नात अनया लांबच्या बॉथेल गावाहून आली, की कपाटाशी उभी राहून विचारी, "आजी, इज दॅट युअर्स?" काकू ठसक्यात म्हणत, "माझीच. आणि किल्लीपण माझ्याचकडे."

आता दोन हजार आठ संपत आलं आहे. गेल्या महिन्यात क्लबात काकांनी आपलं उरलेलं छोटं पिस्तूल दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी पिस्तूल पेटीत बंद केलं. मग काकूंजवळ आले.

"कांचन, तुझी बंदूक जरा देतेस?"

काकूंनी चहाचा पेला खाली ठेवला. मला उघडून, रिकामी आहे हे दाखवून, त्यांच्या हातात दिलं. "खांद्याला घट्ट धरा," त्या म्हणाल्या. "ही दुखत नाही."

मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. माझ्यासारखी वस्तू कुठे उघडी दिसली, तर तिला हात लावू नका, आधी मोठ्या माणसाला हाक मारा. आमची जागा कुलपातच. आणि घरातली कुठलीही वस्तू, मग ती बंदूक असो की बुटकं स्टूल, बिनकामाची म्हणून बाहेर काढण्याआधी एकदा मोठ्याने विचारा, "ही कुणाला लागते का?" जरा थांबून ऐका. शेजारच्या खोलीतून कुणीतरी हळूच म्हणेल, "मला."