दुसरी एंट्री

माळ्यावरून मिलचा कीबोर्ड खाली आला, तेव्हा गयाबाईने कपाळाला हात लावला.

"या भंगारचं काय करणार तू? नवरा बोलत नाही, पोरगा ऐकत नाही, आता हे अजून एक धूड."

ज्ञानदीप कीबोर्डचे स्क्रू काढायला बसला. एखादी गोष्ट ऐकायची नसली की हातात स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, ही त्याची जुनी खोड.

त्याचे वडील भाऊराव म्हणजे महूच्या फौजी बापाचा मुलगा आणि मिलच्या कंप्युटर रूममधला एके काळचा ऑपरेटर. किडन्या आधीच गेल्या होत्या. त्यात दिवाळीनंतर लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, जीभही गेली. समज मात्र शाबूत राहिली, आणि हेच सगळ्यांत वाईट झालं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायला गाडी यायची आणि प्रत्येक वेळी हा शिस्तीचा माणूस डाव्या हाताने दाराची चौकट धरून ठेवायचा. ज्ञानदीप मग एकेक बोट सोडवायचा.

"त्यांना नाही जायचं रे," गयाबाई म्हणायची.

"सुई दुखते, आई. लहान पोरं पण रडतात ना? म्हणून काय इलाज बंद करतात?"

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. बंद केलं तर फार दिवस निघणार नाहीत, पण मर्जी पेशंटची, त्यांनाच विचारा. आता विचारायचं कसं? लकव्यापासून भाऊरावांची मान सारखी डुगडुगायची. ज्याला 'हो' हवं त्याला 'हो' दिसायचं, ज्याला 'नाही' हवं त्याला 'नाही'. ज्ञानदीपने लॅपटॉप पुढे ठेवून पाहिला. त्याची बटणं पापडासारखी चपटी. थरथरत्या बोटाखाली एकाच वेळी चार-चार अक्षरं उमटली. भाऊरावांनी तो ढकलून दिला.

तेव्हा त्याला माळा आठवला. मिल बंद पडली तेव्हा सगळी मशिनं भंगारवाल्याने नेली, पण भाऊरावांनी आपल्या टर्मिनलचा कीबोर्ड बगलेत मारून घरी आणला होता. पाटासारखा जड, खोल दबणारी बटणं, आणि प्रत्येक बटणाला खणखणीत आवाज. नुसता हात ठेवला की बोटं आपापल्या जागी बसत.

पण त्याचा प्लग गोल, पाच पिनांचा. जेल रोडवरच्या कंप्युटरच्या दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला. "भिया, ये तो अजायबघर का माल है. वहीं दे आओ." ज्ञानदीप एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचा, तो हटणारा नव्हता. त्याने एक छोटा सर्किट बोर्ड आणला. जुना कीबोर्ड काय सांगतो ते ऐकून लॅपटॉपला कळेल अशा भाषेत पोचवायचं, एवढंच त्या बोर्डाचं काम. पण कुठलं बटण कोणता सिग्नल पाठवतं हे सांगणारं जगात कुणी उरलं नव्हतं. ऑफिसमधून आला की तो एकेक बटण दाबायचा, बघायचा, प्रोग्रॅममध्ये टाकायचा. गयाबाई ताट झाकून ठेवून झोपायची. बाबा स्वतः लिहितील, 'मला जगायचंय', आणि आईचं तोंड बंद होईल, याची त्याला पक्की खात्री होती. खरं तर चौकटीवरची ती बोटं जे सांगत होती ते ऐकायला काही सर्किट लागत नव्हतं. पण हे त्याला सांगणार कोण?

रविवारी सकाळी कीबोर्ड जोडला गेला. ज्ञानदीपने पडद्यावरची अक्षरं तळहाताएवढी केली आणि विचारलं, "बाबा, डायलिसिसचं काय करायचं? तुम्ही सांगाल तसं."

भाऊरावांनी डावा हात बटणांवर ठेवला. जरा वेळ नुसताच फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. मग खट खट आवाज सुरू झाला. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, एकही चूक न करता त्यांनी लिहिलं: बस झालं. आता न्यायचं नाही.

आणि ते थांबले. एंटरचं मोठं बटण त्यांनी दाबलंच नाही. उलट कीबोर्ड शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला.

"दमले," ज्ञानदीप घाईघाईने म्हणाला. "अजून पूर्ण झालं नाहीये त्यांचं. बघ ना, एंटर कुठं दाबलं?"

सोमवारी पुन्हा तेच वाक्य, पुन्हा एंटर नाही, पुन्हा कीबोर्ड खुर्चीकडे. ज्ञानदीपने म्हटलं, एंटरचीच वायर ढिली असणार. त्याने कीबोर्ड उघडून पुन्हा झाळ लावली. वायरला काहीही झालेलं नव्हतं. मंगळवारी गाडी आली तेव्हा त्याने चौकटीवरची बोटं सोडवली, आणि या वेळी वडिलांच्या तोंडाकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

संध्याकाळी भाऊरावांनी तिसऱ्यांदा लिहिलं आणि कीबोर्ड सरकवला. गयाबाई दारात मेथी निवडत उभी होती.

"ते दमले नाहीत," ती म्हणाली. "वेरीफायची वाट बघून राहिले."

"म्हणजे?"

"मिलमध्ये एकाने कंप्युटरात आकडे भरले की शेजारच्याने तेच परत भरायचं. दोन्ही जुळलं तरच एंटर. नाही जुळलं तर चूक कोणाची ते विचारायचं नाही, पहिल्याने सुरूपासून परत भरायचं. मीच तर बसत होती त्यांच्या बाजूला. आमचं लग्न काय असंच जमलं का?"

"मग तू बस ना."

"मी?" तिच्या हातातली जुडी खाली पडली. "जन्मभर मी त्यांचं तपासलं. हे माझ्याच्यानं नाही होत, बेटा. त्यांनी खुर्ची तुझ्यासाठी ओढली आहे." ती आत निघून गेली.

ज्ञानदीप खुर्चीवर बसला. वडिलांच्या ओळीखाली त्याने लिहायला घेतलं. बस झालं. आता न्यायचं. इथवर आला आणि त्याने हात काढून घेतले. शेवटचा शब्द त्याने लिहिलाच नाही. गुन्हेगारासारखा तो मान खाली घालून बसला.

भाऊराव रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही ओळी पाहिल्या, कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि सगळं पुसलं. मग थरथरत्या एका हाताने पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहिलं, नवशिक्या जोडीदाराला सांभाळून घ्यावं तितक्या शांतपणे. कपाळावर घाम आला होता. पुन्हा कीबोर्ड सरकवला.

ज्ञानदीपने पुन्हा शब्द गाळला. त्यांनी पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. या वेळी मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. तेव्हा ज्ञानदीपला कळलं की हा माणूस हे असंच करत राहील. उद्या, परवा, हात चालतोय तोवर. मुलाला चुकीचं ठरवणार नाही आणि त्याच्यावाचून एंटरही दाबणार नाही.

त्याला रडू फुटलं. रडत रडतच त्याने लिहिलं. बस झालं. आता न्यायचं. आणि मग शेवटचा शब्द, एकेक बटण खाली दाबून.

भाऊरावांनी अक्षरांवरून नजर फिरवली. एंटर दाबलं. मग त्यांचा डावा हात मुलाच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला.

"जुळलं का रे?" आतून गयाबाईने विचारलं.

ज्ञानदीपने पडद्यावरच्या दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

"जुळलं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने मोबाईल काढून त्याने गाडीवाल्याला फोन लावला.