अण्णाराव सरांचं मार्गदर्शन

"आधी ते गोणपाट खोडा," अण्णाराव सर म्हणाले आणि अर्जातली ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली.

पंचाहत्तर साल असेल. दाक्षायणी आमच्या प्राणिशास्त्र विभागात नुकतीच लागली होती. तिचे वडील नागनाथ पॉवरलूमवर कामाला. कापसाच्या तुसानं खोकून खोकून त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. दाक्षायणीनं त्यांच्या शेडमध्ये मागांच्या मधोमध ओली गोणपाटं टांगली. उडणारं तूस त्यांवर बसू लागलं आणि वडिलांचा खोकला निम्म्यावर आला. शहरातल्या बाकीच्या शेडमध्ये हेच करून बघायला तिला संशोधनाचं अनुदान हवं होतं.

नव्या प्राध्यापकांना अनुदान मिळवून द्यावं ते अण्णारावांनीच, अशी त्यांची ख्याती होती. स्वतः त्यांनी जन्मभर बेडकांवर अनुदान खाल्लं. तलावातले बेडूक संपले, सरांचा अभ्यास काही संपला नाही. त्यांनी नेमका कसला शोध लावला असं कुणी विचारलं, की आम्ही विभागातले लोक त्यांच्या पोटाकडे बघायचो.

"अहो बाई, उत्तर हातात घेऊन कुणी पैसे मागायला जातं का? समिती म्हणेल, टांगा की मग गोणपाटं, आमच्याकडं कशाला आलात? खोकला का होतो ते अजून कळलं न्हाई म्हणायचं. तीन वर्षं लागतील म्हणायचं."

"पण सर, कळलंय की."

"ते अनुदान संपल्यावर कळू द्या."

त्यांनी सगळं तिच्याकडून घोकून घेतलं. समितीपुढे तिनं तसंच म्हटलं आणि अनुदान मंजूर झालं. वर अण्णारावांचं नाव, खाली तिचं. स्टाफरूममध्ये सरांनी स्वतः पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच बशीत ठेवला.

मग कळलं, पैसे सोडण्याआधी समितीतले एक साहेब शेड बघायला येणार. तिथे कसलाही उपाय केलेला चालणार नव्हता. आणि अर्जात सरांनी शेड दाखवली होती ती नागनाथांचीच.

"मी खरं सांगून टाकते," दाक्षायणी म्हणाली. "नकोत मला ते पैसे."

"सांगा की. नोकरी पक्की न्हाई तुमची, समितीला फसवलं म्हणून काढतील. माझं काय, मी निवृत्तीला आलोय." एवढं बोलून सर निवांतपणे पान जुळवायला लागले. त्या माणसाची मला किळस आली.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर शेडमध्ये गेलो. नागनाथांनी माग थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई काढलं तर नोकरी जाईल व्हय तुजी?"

तिनं मान डोलावली.

"मग त्यात काय एवढं. तीनच वर्सं हायत की."

ते स्टुलावर चढले आणि एकेक गोणपाट सोडू लागले. ती धरायला पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे. साडी भिजंल तुजी."

सगळी गोणपाटं पिळून त्यांनी कोपऱ्यात रचली. खांद्यावरचा टॉवेल नाकातोंडाला बांधता बांधता ते थांबले.

"दाक्षायणी, ते सायेब येतील तवा मी खोकायचं का न्हाई, तेवढं इचारून ठेव तुज्या सरास्नी."

आणि त्यांनी माग चालू केला.