उचकीसकट

शनिवारी पहाटे सादिया प्रार्थनागृहाकडे निघाला, तेव्हा त्याची बायको नद्रा मागून म्हणाली, "आज शापांचा भाग आहे. यह्याभावजींना पुकारणार ना?"

"तोंड पाहणार नाही मी त्याचं."

"नुसतं नाव घ्यायचंय, तोंड कशाला पाहायचं? अहो, एवढे शाप देऊन देवानं शेवटी राग सोडलाच. तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

सादिया दार ओढून चालायला लागला.

यरुशलेमजवळच्या डोंगरातलं हे गाव यमनहून आलेल्या यहुद्यांचं. तिथल्या प्रार्थनागृहाचा कारभार सादियाकडे. तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचायला कोणाला पुकारायचं आणि कोणाला गप्प बसवायचं, सगळं तोच ठरवी. ज्याला पुकारलं त्याने आपला भाग स्वतःच वाचायचा. शापांचा भाग मात्र कोणालाच नको असे. देवाचं ऐकलं नाही तर आकाश लोखंडाचं होईल, पेरलेलं शत्रू खातील, असं त्यात बरंच काही. तो हळू आवाजात भरभर वाचायचा आणि मध्ये थांबायचं नाही. शेवटी 'मी माझा करार आठवेन' हा दिलासा येतो, तिथे पोचूनच दम घ्यायचा.

वर्षानुवर्षं तो भाग सादियाचा धाकटा भाऊ यह्या हसत घेई. "पन्नास वर्षं दादाचा धाकटा भाऊ आहे मी, मला आणखी कुठला शाप लागणार!"

गेल्या वर्षी मात्र गडी प्रार्थनेआधीच चोरून पाव आणि मिरचीची चटणी खाऊन आला, आणि ऐन शापांत त्याला उचकी लागली. वर बायकांच्या सज्जात खसखस पिकली. सादियाचं डोकं फिरलं. मेजावर हात आपटून तो "उतर खाली!" म्हणून ओरडला आणि उरलेला भाग त्याने दुसऱ्याकडून वाचून घेतला.

बाहेर पडताना यह्या एवढंच म्हणाला, "शाप माझ्या पदरात घातलेस, दादा, आणि दिलासा दुसऱ्याला दिलास."

तेव्हापासून त्याने उंबरा ओलांडला नाही. दर शनिवारी तो खिडकीबाहेर डाळिंबाखाली उभा राहून प्रार्थना म्हणे. सादियासमोर त्याचा विषय काढायची कोणाची टाप नव्हती. पण यह्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि हेच सादियाला वर्षभर छळत होतं. शनिवारच्या जेवणाला समोरची यह्याची खुर्ची रिकामी असे.

आज पहिले दोघे आशीर्वादांचा भाग वाचून खुशीत खाली उतरले. तिसऱ्याची वेळ आली आणि बाकं रिकामी होऊ लागली. जखऱ्याला लघवीला लागली. सालेमचा गुडघा धरला. शुक्रीला घरी काहीतरी काम होतं, पण काय ते आठवत नव्हतं.

"आशीर्वादाला सगळे हजर!" सादिया पुटपुटला. अशा वेळी कारभाऱ्याने स्वतः वाचायचं असतं. तो दोन पावलं पुढे गेलाही. तेवढ्यात खिडकीबाहेर कोणीतरी खाकरलं.

सादिया थांबला. मग वर्षभर न घेतलेलं नाव त्याने रीतीप्रमाणे वडिलांच्या नावासकट मोठ्याने पुकारलं. "यह्या, सुलेमानचा मुलगा, पुढे यावं!"

सुलेमान त्याचेही वडील.

यह्या आत आला. टोपीवर डाळिंबाचं पान होतं. भावाकडे न बघता त्याने शाल डोक्यावर घेतली आणि हळू आवाजात भरभर वाचायला लागला. आकाश लोखंडाचं होईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग उचकी आली.

सगळे गार पडले. सादियाचा हात वर गेला. सज्जात नद्राने एकदम प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घातलं, आणि पहाटे घरातली चटणीची वाटी रिकामी का होती, तिने चटणी कोणाला पोचवली होती, ते सादियाला कळलं. यह्या पांढराफटक पडून थांबला होता.

वाचन चालू असताना बोलणाऱ्या कितीतरी जणांना सादियाने आजवर बाहेर काढलं होतं.

"वाच," तो म्हणाला. "उचकीसकट वाच. मी इथेच उभा आहे."

यह्या उचकीसकट वाचत गेला. कोणी हसलं नाही. कराराच्या ओळीपाशी उचकी थांबली, पण आवाजही फुटला, आणि ती ओळ त्याने रडत रडत वाचली. वर गेलेला सादियाचा हात केव्हाच भावाच्या खांद्यावर आला होता.

तेवढ्यात जखऱ्याने दारातून डोकं आत घातलं. "संपले का शाप?"

"संपले," सादिया म्हणाला.