घाट उतरताना साठवलेली वीज

वेतुरिया ही डोंगरातल्या चार गावांची परिचारिका होती, पण हिवाळा लागला की तिचे निम्मे दिवस ग्रामपालिकेच्या गाडीतच जात. गाडी पेट्रोलवर चाले आणि प्लगला लावून चार्ज केली की विजेवरही. नोव्हेंबरपासून ती निकोदिम काकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात नेत होती. सकाळी नेणं, चार तास ताटकळणं आणि पुन्हा तोच घाट. ती सत्तावन्न वर्षांची होती, तरी काका तिला पोरीच म्हणत.

त्या बुधवारी परतताना बर्फ दाट पडत होता. काका नेहमीसारखे पिळून काढलेल्या फडक्यागत मागच्या सीटवर आडवे झाले होते. वेतुरियाची पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते. गाडी माथ्याशी पोचली तेवढ्यात काकांच्या शेजारणीचा फोन आला. तारांवर झाड पडून गावातली लाईट गेली होती. काकांची बायको सवेता घरी अंथरुणाला खिळून होती, तिचा श्वास ऑक्सिजनच्या यंत्रावर चाले. आता तिला राखीव सिलिंडर लावला होता. तो फार तर दीड तास पुरला असता. अॅम्ब्युलन्स खालच्या रस्त्यावर अडकली होती.

फोनवरचं ऐकून काका उठून बसले. मग म्हणाले, "माझ्यापायी ती एकटी पडली. शुक्रवारपासून मी येणार नाही. पुरे झालं आता."

वेतुरियाच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. "शुक्रवारचं शुक्रवारी बघू, काका. आत्ता मला हा घाट उतरू द्या."

या गाडीच्या डिकीत घरातल्यासारखा प्लग होता. गेल्या उन्हाळ्यात पालिकेच्या माणसांनी त्यावर जत्रेतला लाउडस्पीकर चालवला होता. लाउडस्पीकर चालतो तर यंत्रही चालेल, पण बॅटरी थंडीनं आणि चढानं जवळजवळ रिकामी झाली होती. तिनं चार्जिंगचं बटण दाबलं, इंजिन घरघरू लागलं. उतार लागल्यावर वेग आवरण्याचं काम तिनं मोटरवर सोपवलं. असं केलं की चाकं बॅटरी भरत. पण बर्फावर तेही बेतानंच करावं लागे. एका वळणावर मागची चाकं सरकली आणि गाडी दरीच्या कठड्याकडे तिरकी झाली. तिनं ब्रेकवरचा पाय उचलला, स्टिअरिंग हलकेच फिरवलं. गाडी सरळ झाली.

दारात पोचले तेव्हा बॅटरी चाळीस टक्के होती. वेतुरियानं फोनवर सांगितल्याप्रमाणे शेजारीण लांब वायर घेऊन उभीच होती. खिडकीच्या फटीतून वायर आत गेली, यंत्रानं एकदा शीळ घातली आणि संथ धापा टाकू लागलं. सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. सवेताच्या निळसर ओठांवर रंग परतेपर्यंत वेतुरिया तिचा हात धरून बसली.

काका कोट न काढताच खाटेशी टेकले. "मी घरीच असायला हवं होतं," ते पुटपुटले.

सवेतानं नाकातली नळी नीट केली. बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "घरी असून काय केलं असतंस? फुंकर मारली असतीस? तू दवाखान्यात गेलास, म्हणून ही गाडी दारात आली. आता कोट काढ. पाणी ठिबकतंय सगळीकडे."

काकांनी मुकाट्यानं कोट काढला. वेतुरियाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायला वेळ लागला.

यंत्र चालायचं तर गाडी चालू ठेवणं भाग होतं, म्हणून वेतुरिया थांबली. बॅटरी कमी झाली की इंजिन आपोआप सुरू होईल, तेव्हा धूर कोंडायला नको. म्हणून शेजारणीचा नवरा फावडं घेऊन गाडीच्या धुराच्या नळीमागचा बर्फ उपसत राहिला. शेजारणीनं मक्याच्या पिठाचा गरम सांजा आणि चीज पुढ्यात ठेवलं. दोन घास खाऊन वेतुरियानं टेबलावर डोकं टेकलं.

संध्याकाळी साडेसहाला लाईट आली. तिला कोणी उठवलं नाही. शेजारणीनं यंत्र भिंतीतल्या प्लगला लावलं, काकांनी आपला कोरडा स्वेटर तिच्या खांद्यांवर टाकला आणि शेजारणीच्या नवऱ्याला बाहेर जाऊन गाडी बंद करायला सांगितलं.