पाठमोरी सुंदरबाई

माझी आजी, सुंदरबाई, गेल्यापासून पुनाआबांनी अंथरूण धरलं होतं. वैद्यांचे काढे ते गुपचूप तुळशीला घालत. तुळशीची तब्येत सुधारली. अडतीस साली धुळ्यात कापसाच्या एका जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये चित्रांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा मी आबांना जवळजवळ उचलूनच नेलं.

एका चित्रात नदीकाठी एक बाई बसली होती, पाठमोरी. आबा तिच्यासमोर थांबले.

"आपली सुंदरबाई शे. रुसनी शे."

"आबा, ते चित्र आहे."

"रुसनी का अशीच बसे ती."

दुसऱ्या दिवसापासून आबा आपले आपण प्रदर्शनाला चालत जाऊ लागले. भाकरी मागून खाऊ लागले, न्हाव्याला बोलावू लागले. श्रेय वैद्यांनी घेतलं. राखणदार कादरभाईंनी आबांना स्टूल दिलं. आबा चित्राला सुनांची भांडणं सांगत आणि मधूनच विचारत, "आखो कितला दिन रुसशी?"

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवायला माणसं आली. सगळी चित्रं मुंबईला परत जाणार होती. आता आबा पुन्हा अंथरूण धरणार, म्हणून मी घाबरलो. आबा उठले, धोतर झटकलं आणि चित्राला म्हणाले, "चाल, मी पुढे व्हस. तू मांगून ये."

त्यांच्या पिढीत बायको मागूनच चालायची. मी गाडी आणली होती. आबा बसले नाहीत. तिला गाठता यावं इतपत हळू चालत राहिले. बाभळीखाली थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "काटा शेतस, दखीसन ये."

त्यांच्या मागे मी चालत होतो. मी वाटेतून बाजूला झालो.