वडिलांचा रकाना

आक्कांनी गावच्या दवाखान्यात सदतीस वर्षं बाळंतपणं केली. शाळा चौथीतच सुटली, पण एकाही पोराची नोंद कधी चुकली नाही. अकरा जाडजूड वह्या झाल्या. त्यांतल्या दोन वाळवीने धरल्या, तेव्हा ठरलं, की सगळं संगणकात भरायचं आणि शनिवारी वह्या रद्दीत काढायच्या. काम घेतलं आक्कांच्याच जावयाने.

जावई कामाला वाघ. औषधांच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर त्याने लिनक्स ही प्रणाली चढवली, त्यावर नोंदींचा डेटाबेस बसवला, वीज जाऊन आली तरी तो आपोआप सुरू होईल अशी सोय केली. नर्सला वेगळा पासवर्ड दिला : तिने नोंदी भरायच्या, पण तिला त्या पुसता येणार नाहीत. हे आक्कांना फार पटलं. कपाटाची किल्ली त्यांनीही कधी कुणाच्या हाती दिली नव्हती.

आक्कांचं अक्षर त्यांनाच लागायचं, म्हणून त्या वाचत होत्या आणि नर्स भरत होती. तिसऱ्याच पानावर यंत्राने एक नोंद नाकारली. बापाचं नाव नव्हतं. जावई म्हणाला, तो रकाना सक्तीचा आहे, पुढचं घ्या. दुपारपर्यंत अशी सतरा पोरं बाहेर राहिली.

अठरावी नोंद आक्कांनी वाचलीच नाही. ती त्यांना पाठ होती. ते पोर समोर बसून टाइप करत होतं, आणि त्याची बोटं आधीच थांबली होती.

"वडील नसतील तर पुढचं घ्या ना, आई," जावई म्हणाला.

आक्कांनी वही मिटली. "पुढचं कुठलं, जावईबापू? ही पायाळू होती. सहा तास झुंजले मी हिच्यासाठी. बाहेर आली तेव्हा बापाचं नाव सांगून रडली नव्हती."

जावयाने समजूत घातली, की 'अज्ञात' लिहून टाकू, यंत्राचा नियमच तसा आहे.

"हिच्या आईनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यात अज्ञात काय? आणि नियम घातला कुणी? यंत्रानं, की तुम्ही?"

जावयाने मान खाजवली. तक्ता बनवताना त्यानेच घातला होता. सवयीने. मग नर्सच्या खुर्चीत बसून त्याने सक्ती काढणारी एक ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि झालं म्हणाला.

आक्कांचा पारा आणखी चढला. एका ओळीचं काम, आणि त्यापायी अठरा पोरं शनिवारी रद्दीत गेली असती!

तेवढ्यात नर्स पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, की आईचं नाव मात्र रिकामं सोडलं तरी चालतंय.

आक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उठू नका, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आता तो रकाना सक्तीचा करा. आईवाचून एकही पोर माझ्या हातात आलेलं नाही."