दोराला जहाज असताना

"पुण्यात समुद्र नाही, आणि हे म्हणे बोटीवर जेवायला घालणार," अब्बा माझ्या कानाशी पुटपुटले. रिक्षा हडपसर ओलांडून मांजरीच्या रस्त्याला लागली होती. "आणि हे बघ. म्हातारपणी मारवाडी झालो."

नारायण पेठेतून निघाल्यापासून तिसऱ्यांदा त्यांनी ती उद्घाटनाची पत्रिका माझ्या हातात कोंबली. 'प्रमुख पाहुणे : श्री. दादामियाँ अगरवाल.' हॉटेलवाल्या मच्छिंद्रच्या मॅनेजरनं फोनवर विचारलं होतं, आपण बोटीवर कोण होता? अब्बा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, आगवाला. बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकतो तो आगवाला. मॅनेजरला वाटलं, आडनाव सांगताहेत.

"असू द्या अब्बा. अगरवाल म्हटल्यावर ताटात एक गुलाबजाम जास्त पडेल."

एरवी ते हसले असते. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि कोरडाच चेहरा पुसला.

'तारामती' ही मुंबई बंदरातली टग, वाफेवर चालणारी. मोठं जहाज गोदीच्या अरुंद तोंडातून आपल्या जोरावर आत येऊ शकत नाही. त्याला दोर बांधून टगनं ओढून आणायचं. अब्बांनी तिच्या पोटात अठरा वर्षं काढली. पुढे डिझेलच्या टगा आल्या आणि तारामती भंगारात गेली. मांजरीच्या सोनबाला तिच्यावर नेलं तेही अब्बांनीच. तालमीतला दोस्त. शेतात मन नाही म्हणाला, चल म्हणाले.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात अब्बा त्याची पत्र्याची पेटी घेऊन एकटेच मांजरीला आले. सोनबाच्या बायकोच्या, मैनाबाईंच्या, मांडीवर सहा महिन्यांचा मच्छिंद्र होता. अब्बांनी सांगितलं, वादळ झालं, लाट आली, सोनबाला घेऊन गेली. मांजरीत समुद्र कुणी पाहिला होता? लोकांनी माना डोलावल्या. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं आमच्याकडून ईदेला शिरखुर्मा जातो आणि तिकडून उसाची मोळी येते. दरवर्षी मच्छिंद्र विचारायचा, आणि दरवर्षी लाट वीतभर वाढायची.

खरं काय ते मला स्वयंपाकघरात कळलं. काही वर्षांपूर्वीचा मेच होता. तव्यासमोर उभी राहून मी म्हटलं, उकाड्यानं जीव द्यावासा वाटतो. एरवी चहाची वेळ झाल्याशिवाय आत न डोकावणारा हा माणूस दारात येऊन उभा राहिला. "असं बोलायचं नाही, रझिया." आणि मग तिथंच, चौकटीला धरून, सांगत राहिले. भट्टीसमोर सोनबानं फावडं खाली ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. शिडी चढला आणि चालत जाऊन मागच्या कठड्यावरून पाण्यात उतरला. कुणी जिना उतरावा तसा, असं वरच्या खलाशांनी सांगितलं.

"मग बोट थांबवली नाही?" मी विचारलं.

"दोराला जहाज होतं."

मला कळेना. तेव्हा त्यांनी, लहान मुलाला शिकवावं तसं, सांगितलं. दोराला जहाज असताना टग थांबत नाही. थांबली तर मागचं धूड तिच्या अंगावर चढतं. म्हणून दोर ढिला पडू द्यायचा नाही, म्हणून वाफ पडू द्यायची नाही. भट्टीवर दोघंच होते. "बोट हाकणारा सारंग वरून ओरडला, वाफ सांभाळ. त्याच्या वाटचा कोळसाही मीच टाकला. गोदी येईपर्यंत."

पोळी करपली. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं करपलेलीच खाल्ली.

बोटीच्या आकाराचं 'बंदर फॅमिली रेस्टॉरंट' शेजाऱ्याच्या उसाच्या फडाला लागून होतं. जमीन सोनबाच्या भावकीची, अर्धी बिल्डरला गेली, उरलेल्या अर्ध्यात ही बोट. मच्छिंद्रनं जुन्या वस्तूंच्या बाजारातून तारामतीचं चाक आणि पितळी भोंगा शोधून आणला होता. धुराडं मात्र मांजरीच्याच पत्र्याचं.

"या चाचा!" मच्छिंद्र पाया पडला. "आधी पाटी बघा. पुण्याच्या आर्टिस्टकडनं करून घेतलीय."

पाटीवर तारामतीचा सगळा इतिहास होता. कधी बांधली, किती जहाजं ओढली, कप्तान कोण कोण. खाली ठळक अक्षरांत : 'भीषण वादळात बुडते जहाज वाचवताना कै. सोनबा यांना वीरमरण.'

अब्बांनी ती वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"आता जास्त काही नको, चाचा. ते वादळाचं तेवढं सांगा, दोन शब्द. माझ्या पोरांनी कधी ऐकलं नाही."

पुढच्या रांगेत मैनाबाई बसल्या होत्या. नवं लुगडं, पायात वहाणा नाहीत. अब्बांना बघून एवढंच म्हणाल्या, "वाळलात की हो."

"तुमची मोळी यंदा आली नाही, वहिनी."

"आता ऊस कुठं? हाटेल हाय."

मॅनेजरनं भोंग्याला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जोडला होता. त्यानं कळ दाबली. असा आवाज निघाला की उसातले बगळे उठले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अब्बांच्या हातांकडे बघत होते. उजवा मागे, डावा पुढे. मुठी वळलेल्या. बसल्या जागी ते कोळसा ओढत होते.

"आता श्री. अगरवालसाहेब आपल्याला—"

अब्बा उठले. माईक धरला. मच्छिंद्रची दोन्ही पोरं मोबाईल उंच धरून उभी होती. मला वाटलं, सांगतील; पंचेचाळीस वेळा सांगितलंय, आणखी एकदा. खोटं बोलायलाही सराव लागतो, तो त्यांना होता.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "वा..."

माईकमधून नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"वादळ, चाचा," मच्छिंद्र हळूच म्हणाला.

"बसा खाली, दादामियाँ," मैनाबाई म्हणाल्या. माईक नव्हता, तरी मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. "त्या साली मांजरीत झाडाचं पान हाललं न्हवतं. तुमच्या दर्याला वादळ कुठनं आलं?"

"आई, पाहुणे आहेत."

"असूंदेत. जेवत्यात की." त्या खुर्चीचे हात धरून सावकाश उठल्या. "शेवटच्या सुट्टीला आला तवा म्हनला, मैने, एक दिस पान्यात उडी टाकीन, लई आग हाय तिथं. मी म्हनलं, गुमान जा, पोर झालंय आता. मी धाडला त्याला."

अब्बांच्या हातात अजून माईक होता. तो कुठं ठेवायचा हे त्यांना सुचत नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "दोराला जहाज..."

"म्हाईत हाय. तुमच्या सारंगानं येऊन सांगितलंय मला, लई वर्सं झाली." मग त्या पाटीकडे वळल्या. "उडी टाकली त्यानं, मच्छिंद्रा. आन् ह्यांची बोट थांबली न्हाई. लिव ते पाटीवर."